कन्नड आरोपपत्र मराठीत समजावून देणारी खोली: बेळगाव कोर्टाजवळच्या सेवेचा अनुभव

आमच्या येळ्ळूर बाजूला घरात मराठी, शाळा मराठी, भजन मराठी. पण पोलीस केस झाली की हातात येणारा प्रत्येक कागद कन्नड. माझ्या भाच्यावर यात्रेतल्या मारामारीवरून केस झाली आणि घरात कुणालाच तो गठ्ठा वाचता येईना. वकील चांगले होते, पण एकेक जबाब बसून समजावून सांगायला त्यांना सवड कुठली? त्यांच्याच कारकुनाने कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या गल्लीतली ही खोली दाखवली. एक निवृत्त शिक्षक तिथे कोर्टाचे कागद मराठीत सांगतात आणि हवं तर लिहूनही देतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात.

पानाला ३० रुपये घेतात. नुसतं वाचून घ्यायचं असेल तर त्याहून कमी.

त्यांनी पहिल्यांदा कलमं सांगितली. भारतीय न्याय संहितेचं ११५(२) म्हणजे साधी दुखापत, जास्तीत जास्त एक वर्ष. ११८(१) म्हणजे हत्याराने दुखापत, तीन वर्षांपर्यंत. आमच्या पोरावर दोन्ही होती. मग त्यांनी दोन साक्षीदारांचे जबाब आणि पंचनामा शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलने खुणा केल्या. एका जबाबात काठी भाच्याच्या हातात, दुसऱ्यात दुसऱ्याच पोराच्या हातात, आणि पंचनाम्यात ती गटाराकडेला पडलेली. हे सगळं आमच्या पिशवीतच होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी ते कागद घेऊन वकिलांकडे गेले, तेव्हा त्यांनी त्यावरच उलटतपासणीची तयारी केली.

आई सोबत होती. तिने विचारलं, निकाल द्यायला पंच बसतात काय हो? गुरुजींनी तिला नीट सांगितलं. पंचनाम्याचे पंच वेगळे, ते फक्त साक्षीला. निकाल एकटे न्यायाधीश देतात. आपल्याकडे पूर्वी ज्युरी होती, म्हणजे दोषी की निर्दोष ते सांगायला साधी माणसं बसायची. १९५९ च्या नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईला नऊपैकी आठ जणांनी आरोपी निर्दोष म्हटलं, पण हायकोर्टाने ते फिरवून जन्मठेप दिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरी राहिलीच नाही. गुरुजी म्हणाले, "आजी, न्यायाधीश कागदावर आलेलं बघतात. म्हणून कागदात काय आहे ते आधी आपल्याला कळायला पाहिजे." हे मला मनापासून पटलं.

दोन गोष्टी त्यांनी पैसे न घेता सांगितल्या, आणि त्या प्रत्येक घराला माहीत पाहिजेत. साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत होत असेल, तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत उघड कोर्टात सांगितली पाहिजे. खटला कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं हे कलम ३१४. आणि आरोपपत्राच्या प्रती आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत फुकट मिळतात, त्यासाठी कुणाच्या हातावर काही ठेवावं लागत नाही. भाच्याला साक्षी संपल्यावर न्यायाधीशांनी प्रश्न विचारले, तेव्हा प्रत्येक प्रश्न मराठीत सांगा अशी वकिलांनी विनंती केली आणि ती मान्य झाली. पोरगा घाबरला नाही, समजून उत्तरं दिली.

काठीचं कलम टिकलं नाही, साधी दुखापत शाबीत झाली. शिक्षेवर म्हणणं मांडायचं होतं, तेव्हा पुन्हा खोलीच उपयोगी पडली. निकालाच्या दिवशी पोराला २१ पूर्ण नव्हती. एवढ्या लहान आरोपीला तुरुंगात घालण्याआधी कोर्टाने १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं) कलम ६ प्रमाणे विचार करायचा असतो आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. हे वकिलांनाही ठाऊक होतं, पण आम्हाला गुरुजींनी आधी सांगितल्यामुळे शाळेचा दाखला, गावातल्या दोन जाणत्यांची पत्रं, सगळं तयार होतं. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर पोरगा घरी आला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे धावणारं पोर ते. हिंडलग्याच्या तुरुंगाच्या दारातून आत गेलं असतं तर आमच्या भावाने हाय खाल्ली असती.

आता उणं. खोली लहान, बाहेर एकच बाकडं, बायकांना उन्हात उभं राहावं लागतं. हस्तलिखित जबाबांना ते वेळ लावतात. आमची काही पानं तारखेच्या आदल्या संध्याकाळी मिळाली आणि जीव टांगणीला लागला. पावती देत नाहीत. आणि हे भाषांतर कोर्टात दाखल करायला चालत नाही, ते फक्त आपल्या समजुतीसाठी. सल्ला त्यांच्याकडून घेऊ नका, तो वकिलांकडूनच घ्या; तेही स्वतः हेच सांगतात.

पानांचे पैसे जड जात असतील तर आधी १५१०० ला फोन करा किंवा जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणात जा. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

बाकी मी तर पाचपैकी चार देईन. जाताना मूळ कागद नेऊ नका, झेरॉक्स न्या, आणि तारखेच्या निदान आठवडाभर आधी द्या.