गॅलपची क्यू१२ प्रश्नावली: मोजमाप चोख, पुढचं काम साहेबांचं

सेवाभावी नेतृत्व म्हणजे आधी सेवा, मग नेतृत्व. अमेरिकी लेखक रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली मांडलेल्या त्याच्या कसोटीचा गाभा एवढाच: ज्यांची सेवा केली, ती माणसं वाढली का? ते तपासायला गॅलप या अमेरिकी सल्लागार कंपनीची क्यू१२ ही कर्मचाऱ्यांनी भरायची प्रश्नावली फार उपयोगी पडते. १२ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, भरायला काही मिनिटं.

खरं सोनं पहिल्या दोन विधानांत आहे: माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते मला ठाऊक आहे, आणि कामाला लागणारं साहित्य हाताशी आहे. इथे गुण घसरले तर प्रेरणादायी भाषणं देऊ नका. अडकलेल्या मंजुऱ्या, बिघडलेली यंत्रं, दोन वरिष्ठांच्या उलटसुलट सूचना शोधा. त्या दूर करणं हीच नेत्याची सेवा. ‘कामावर माझा जिवलग मित्र आहे’ हे विधान मात्र अनेकांना खटकतं; त्याचा रोख परस्परविश्वासावर आहे, हे आधी समजावून सांगा.

बिघडतं कुठे? कंपनीची एकच सरासरी पाहिली की चांगल्या गटाआड खचलेला गट लपतो, म्हणून निकाल गटवारच वाचावा. अगदी छोट्या गटात उत्तर कुणाचं ते ओळखू येतं, मग लोक जपून लिहितात. आणि गुण बोनसला जोडले की साहेब ५ मागत फिरतात. हे तर अजिबात करू नये.

निकालानंतर दोन आठवड्यांत गटासोबत बसा, एकच विधान निवडा, उपायापुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहा. काहीच न बदलता पुन्हा प्रश्नावली पाठवली, तर सगळीकडे ३ भरून येतात.