‘उन्हाळी’ प्लगचे नऊ हजार चारशे

माझी जिप्सी 1998 ची, कार्बोरेटरवाली, 1298 सीसी. अंबाजोगाईच्या बाहेर बालाघाटाच्या उतारावर पाच एकर रान आहे. पावसाळ्यात त्या काळ्या चिखलात एक तर बैलगाडी जाते, नाहीतर फोर-व्हील ड्राइव्ह. बैल मला जमत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीच्या पैशातून ही गाडी घेतली. विज्ञान शिकवलं हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं ते त्यामुळं जास्त लाजिरवाणं आहे.

एप्रिलात ऑइल बदलायला एका गॅरेजात गेलो. गाव आणि गॅरेज दोन्हींची नावं लिहीत नाही. माझ्याकडं पक्कं बिल नाही, त्यामुळं सिद्ध काहीच करता येणार नाही. गाडीला काही दुखणं नव्हतं. तरी पोरानं चारही स्पार्क प्लग (इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडतात ते) काढले आणि मालकानं ते हातावर घेऊन तोंड वाकडं केलं.

"सर, हे 6 नंबरचे प्लग हायेत. आपल्याकडं 44 डिग्री ऊन. इथं थंड प्लग लागतो, 8 नंबर. त्यात इरिडियम टाका, घाटात गाडी कशी ओढती बघा, ॲव्हरेज तीननं वाढंल."

एवढं पटकन पटलं मला! ऊन आपलं, गाडी जुनी, प्लग थंड. चार प्लगचे 3,600 रुपये मोजले. काढलेल्या प्लगांचं विचारलं तर म्हणाला, "राहू द्या, भंगारात टाकतो."

ते प्लग बरे होते, हे मला तीन महिन्यांनी कळलं. टोकावरचं चिनी मातीचं नाक फिकट तपकिरी होतं, हे मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. तो रंग म्हणजे इंजिन नीट जळतंय याची खूण.

मे महिना निघून गेला. मृग लागला आणि शेताकडं हळूहळू, पहिल्या-दुसऱ्या गिअरात जाणं सुरू झालं. तिथून मिसिंग सुरू, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटायचा चुकायचा. चढाला गाडी आचके द्यायची, पेट्रोलचा वास यायचा. आणखी एक गोष्ट: गाडीत परभणी आकाशवाणी लावली की घर्र आवाज, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती घरघर वाढायची. एप्रिलाआधी हे नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला, रेडिओ जुना झालाय. मी मान डोलावली.

मिसिंगवर त्यानं आधी एचटी लीड (प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या जाड वायरी) बदलल्या, 1,800. दोन दिवस बरं वाटलं. मग कार्बोरेटर किट, मजुरी धरून 2,600. मग डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे चारही प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या भागाची, कॅप आणि रोटर, 1,400. प्रत्येक वेळी तो प्लग काढून पेट्रोलनं धुऊन परत बसवायचा, म्हणून गाडी दोन दिवस नीट चालायची आणि मला वाटायचं नवा पार्टच लागू पडला. पाचव्या फेरीला तो म्हणाला, "सर, आता इंजिनच खोलावं लागतंय. पस्तीस-चाळीस हजार धरून चला."

त्या आकड्यानं मला जाग आली.

परळीला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी इंजिनाला हात लावायच्या आधी चारी प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. काळेकुट्ट, काजळीनं माखलेले. मग एक उचलून त्याची वॉशर दोन बोटांनी फिरवली. ती सहज निघून कागदावर पडली. "असली प्लगची वॉशर अशी निघत नाही, सर. आट्यांतून उतरूच नये, अशी ती दाबून बसवलेली असती." आटेही नखाला खरखरीत लागत होते. इरिडियम या कठीण धातूच्या प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, सहा दशांश मिलिमीटरचं, आणि ते लवकर झिजत नाही. माझ्या प्लगचं टोक बारीक होतं खरं, पण घासून बारीक केलेलं साधं. तीन महिन्यांत बोथट झालं होतं आणि गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, वाढला होता. गॅप वाढला की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून चढावर, भार आला की मिसिंग.

शेवटी त्यांनी मल्टिमीटर काढला. एनजीके या प्लगच्या कंपनीच्या नंबरात ‘आर’ असेल तर आत साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो, तो रेडिओतली घरघर थांबवायलाच असतो. माझ्या प्लगांवर ‘आर’ छापलेला होता. मीटरची एक पिन वरच्या टोकाला, दुसरी मधल्या इलेक्ट्रोडला. आकडा आला शून्य. चारही प्लगांना शून्य. त्यांच्या खोक्यातला एक जुना प्लग लावला तर चार हजार आठशेच्या आसपास. म्हणजे माझा रेडिओ तीन महिने ओरडून सांगत होता, आणि मी ऐकत होतो ते त्या गॅरेजवाल्याचं.

आता त्या ‘थंड’ प्लगचं. प्लग असली असता तरी 8 नंबर माझ्या गाडीला चुकलाच असता. प्लगचं टोक साधारण 450 अंशांच्या वर तापलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. 850 च्या पुढं गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. थंड प्लग ही उष्णता लवकर इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, सोडतो, म्हणून तो सतत फुल थ्रॉटलवर पळणाऱ्या इंजिनाला लागतो. सिलिंडरच्या आतल्या त्या तापापुढं बाहेरचं ऊन 30 आहे की 44, याला कितीसं महत्त्व? शेताच्या रस्त्यावर हळू चालणाऱ्या गाडीत थंड प्लग तापतच नाही, काजळी धरत जातो. हे मी मुलांना शिकवू शकलो असतो. आणि 8 म्हणजे थंड हे एनजीकेचं झालं; बॉशमध्ये उलटं, तिथं आकडा वाढला की प्लग गरम. कंपनी बदलताना नुसता नंबर सांगून प्लग मागू नका.

माझ्या गाडीला लागतो तो बीपीआर 6 ईएस. शेवटून दुसरं अक्षर ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर. तिथं ‘एच’ असेल तर 12.7, तो डोळ्यांना सारखाच वाटतो आणि बसतोही, पण ठिणगी आत पोचत नाही. चाचांनी गॅप फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाऊण मिलिमीटर केला, प्लग हातानं शेवटपर्यंत फिरवला आणि मग पान्यानं फक्त अर्धा फेरा. "हेड अल्युमिनियमचं है, जोर दाखवायचा नाय." चार प्लग आणि मजुरी, हजाराच्या आत. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तिसऱ्या गिअरात गेली. एचटी लीड, किट, कॅप, यांतलं काहीच बिघडलं नव्हतं.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं वहीच्या कागदावरची चिठ्ठी, त्यावर ‘पलग 4’ आणि खाली आकडा. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. प्लगचं खोकंही त्यानंच ठेवून घेतलं होतं. तुम्ही निदान खोकं आणि काढलेला जुना माल, दोन्ही मागून घ्या. तो माल तुमचा असतो.

परवा त्या गॅरेजातून फोन आला. "सर, इंजिन कधी खोलायचं?"

म्हटलं, "खोलू. आधी माझे जुने चार प्लग परत द्या."

थोडा वेळ नुसता गॅरेजातला ठोकाठोकीचा आवाज ऐकू आला. मग म्हणाला, "ते तर भंगारवाला घेऊन गेला, सर."