मेटल डिटेक्टर आणि सोनं: दिवाळी ते पोळा वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. जमिनीतलं किंवा नदीतलं सोनं शोधायला म्हणून पूर्व विदर्भात कोणी मेटल डिटेक्टर घेत असेल तर घेऊ नये. हरवलेला दागिना शोधायला आणि वावरातलं लोखंड वेचायला घेत असेल तर जरूर घ्यावा. मी भंडारा जिल्ह्यातला धानवाला कास्तकार. मागच्या दिवाळीत मशीन घेतली, आता पोळा झाला. मधल्या काळात ती कोरड्या बांधीत (धानाच्या खाचरात), चिखलात, बरडावर, लग्नाच्या मांडवात अशी सगळीकडे चालवली. त्यावरून लिहितो आहे.

मशीन नवशिक्यांसाठीच्या वर्गातली आहे. व्हीएलएफ म्हणजे कमी वारंवारतेच्या प्रकारची, 18 किलोहर्ट्झवर चालणारी, अकरा इंची कॉइल (जमिनीलगत फिरवायची चकती), पडद्यावर 0 ते 99 आकडा. तीस हजारांच्या घरात पडली. कॉइलमधून सतत दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खाली धातू असेल तर त्यात भोवरा प्रवाह तयार होतात आणि ते उलट आपलं क्षेत्र पाठवतात. ते किती उशिराने परत आलं यावरून मशीन धातूचा अंदाज बांधते आणि आकडा दाखवते. सोन्याचा असा वेगळा आकडा नसतो, हे विकणारा सांगत नाही. पातळ अंगठी, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी, फवारणीच्या औषधाची पुडी, बाटलीच्या झाकणाचा तुकडा हे सगळे एकाच पट्ट्यात येतात. चांदीची जोडवी मात्र वर, ऐंशीच्या पुढे, स्वच्छ घंटीसारखी वाजतात. ती चुकत नाहीत.

आता जमीन. या मशीनमध्ये शिकायचं असेल तर जमीनच शिकायची आहे, बाकीची बटणं एका दिवसात कळतात. आमच्याकडे जुनी माणसं मातीला नावानेच ओळखतात: कन्हार, मोरंड, सिहार, बरडी. सिहार म्हणजे पिवळसर रेताड धानाची माती. तिच्यावर मशीन शांत चालते, एक रुपयाचं नाणं वीतभर खालून बोलतं. कन्हार म्हणजे भारी काळी माती, ती ओली असली की खोली कमी होते. आणि बरडीवर तांबडे, लोखंडी खडे असतात, त्यातला एकेक खडा धातूसारखा बोलतो. इंग्रजी व्हिडिओत ज्याला हॉट रॉक म्हणतात तो हाच. जुन्या वीटभट्टीच्या जागेवर भाजलेल्या विटांचे तुकडेसुद्धा तसेच बोलतात, कारण भट्टीच्या आचेने मातीतल्या लोहाचा गुणधर्म बदलतो. पश्चिमेला, वर्धा-यवतमाळ-अकोल्याकडे, तर सगळी काळी माती बेसाल्टची. त्या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, म्हणून तिथे ग्राउंड बॅलन्स न करता, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज सोडून द्यायला मशीनला न शिकवता चालवलं तर मशीन नुसती कुरकुरत राहते.

ग्राउंड बॅलन्स करायचा म्हणजे धातू नसलेली जागा बघायची, कॉइल गुडघ्यापासून जमिनीलगत खालीवर करायची, आणि आवाज वर जाताना व खाली येताना सारखा होईपर्यंत बटण फिरवायचं. पुस्तिकेत एकदा करा म्हणतात. माझा अनुभव असा की धुरा (शेताचा बांध) ओलांडला की पुन्हा करावं. एका बांधीतली मोरंड आणि शेजारची सिहार यांत खूप फरक असतो, आणि नवशिक्याचा निम्मा वैताग तिथेच संपतो.

सोन्याचं म्हणाल तर पूर्व विदर्भात सोनं नाही असं नाही. आमच्या भागाखालचा खडक फार जुना आहे. भूवैज्ञानिक त्याला साकोली समूह म्हणतात, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नागपूर-भंडारा पट्ट्यात परसोडी, कोलारी-भावरी, किटाडी-मरुपार इथे सोन्याच्या नोंदी केल्या आहेत. ही नावं वाचूनच माझ्या मनात मशीनचं आलं होतं. पण अशा खडकातलं सोनं टनामागे ग्रॅमच्या हिशोबात मोजतात. ते गारगोटीच्या शिरांत डोळ्याला न दिसणाऱ्या कणांनी विखुरलेलं असतं. एका ग्रॅमचा एकसंध खडा असता तर मशीनने त्याला ओळखलं असतं. तोच ग्रॅम टनभर दगडात पसरला की कुठलीच कॉइल त्याला ऐकू शकत नाही. 45 किलोहर्ट्झची गोल्ड मॉन्स्टर 1000 किंवा 71 किलोहर्ट्झची गोल्ड बग 2 या खास सोन्यासाठीच्या मशीनसुद्धा बारीक खड्यासाठी आहेत, धुळीसाठी नाहीत. वारंवारता वाढवली की छोटा कण जास्त चांगला कळतो, पण खोली कमी होते आणि जमिनीचा त्रास वाढतो.

व्हिडिओत जे ओंजळभर खडे दिसतात ते बहुतेक ऑस्ट्रेलियाचे. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात 1980 मध्ये मेटल डिटेक्टरनेच 27 किलोंचा खडा सापडला होता, ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा, जमिनीच्या अगदी वरच्या थरात. तिथे असे खडे जमिनीत आहेत आणि सामान्य माणसाला शोधायचा परवानाही मिळतो. आपल्याकडची गोष्ट वेगळी. आपल्याकडे नदीच्या वाळूतलं सोनं काढणाऱ्यांची जातच होती, सोनझारी. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात ओढ्यांची वाळू धुणाऱ्या सोनझाऱ्यांची नोंद आहे. त्यांचं साधन लाकडी पाटी आणि पाणी. सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीसपट, वाळूची अडीचपट, म्हणून हलवता हलवता वाळू वाहून जाते आणि सोनं काळ्या रेतीबरोबर तळाला राहतं. धुळीएवढं सोनं धरायला पिढ्यान्‌पिढ्यांची ही पाटीच खरी. तीस हजारांची मशीन तिच्यापुढे काहीच नाही, हे मी आदराने लिहितो.

आणि कायदा. सोनं हे खनिज आहे. 1957 च्या खाण व खनिज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शोधकाम करता येत नाही, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिजावर हक्क शासनाचा. सातबारा आपल्या नावावर असला तरी. जंगलात, अभयारण्यात मशीन घेऊन पाय टाकायचा नाही. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत तर खोदकामाचं नावच नको. पवनी आम्हाला जवळ आहे. तिथे 1969-70 मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आला. अशा गावाच्या टेकड्यांवर कोणी मशीन फिरवली तर मला मनापासून राग येतो. 1939 मध्ये मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला, तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावं त्यातून कळली. ती नाणी मोडीत गेली असती तर ते राजे कायमचे गेले असते.

मग मशीन कशाला कामी आली? रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत.

जुलैमध्ये शेजारच्या बांधीत रोवणी चालली होती. संध्याकाळी एक काकू धापा टाकत आल्या. “भाऊ, माया कानातला काप गेला जी. मशीन आनता का?” मी आधी मशीन उचलली नाही, विचारत बसलो. शेवटचा कधी हाताला लागला? पाणी प्यायला धुऱ्यावर बसल्या तेव्हा होता. त्यानंतर कोणत्या ओळी लावल्या? त्यांनी बोट दाखवलं. एवढं विचारल्यावर अख्ख्या बांधीचा पट्टा झाला. हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाला विचारून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना काड्या रोवल्या, सुतळी बांधली आणि सुतळीलगत कॉइल पाण्यावरून सावकाश नेली. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून. सुरुवातीला पन्नी लागली, मग बैलाच्या पत्रीचा (नालेचा) खिळा. नंतर एक हलका आवाज आला, आकडा 44 ते 48 मध्ये हलत होता. पन्नीचा आकडाही तिथेच येतो, पण नव्वद अंशांत वळून दुसऱ्या दिशेने कॉइल नेली की पन्नीचा आवाज बहुतेक वेळा तुटतो. हा तुटला नाही. हात घालून चिखलाचा गोळा काढला आणि कॉइलवरून नेला. बोलला. गोळ्याचे दोन भाग केले, एक गप्प, एक बोलतो. बोलणाऱ्याचे पुन्हा दोन. शेवटी अंगठ्याएवढा चिखल तळहातावर उरला, तो पाण्यात धरून चोळला आणि पिवळं टोक दिसलं. कापाची मागची फिरकी मिळाली नाही, ती इतकी लहान की मशीनला कळलीच नसावी. काकूंनी काप बांधीच्याच पाण्यात धुतला, पदराच्या टोकाला गाठ मारली, आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. गावातल्या बाईचं सोनं म्हणजे कापसाचे, धानाचे, मजुरीचे वर्षानुवर्षे साठवलेले पैसे. त्यापुढे नदीतल्या सोन्याचा विषय माझ्या डोक्यातून गेला.

पातळ साखळी मात्र या मशीनला नीट कळत नाही. कड्या एकमेकींना सैल लागलेल्या असतात, म्हणून मशीनला एका कडीएवढंच सोनं ऐकू येतं. गरसोळीतलं (मंगळसूत्रातलं) डोरलं सापडेल, नुसती नाजूक साखळी हरवली असेल तर आशा कमी धरा आणि कॉइल जमिनीला लावूनच चालवा.

सरावासाठी सोनं पुरायची गरज नाही. ढिवरबांधवांच्या फेकजाळ्याला शिशाचे मणी असतात, ते दोन-चार मागून घ्या. बारीक शिसं आणि सोन्याचा छोटा खडा मशीनला जवळपास सारखेच वाटतात. मणी वेगवेगळ्या खोलीवर पुरून घरामागे आवाज ऐकत बसलो, तोच माझा खरा अभ्यास.

लोखंडाचं काम कमी कौतुकाचं पण पैशाचं. धान निघाल्यावर नोव्हेंबरात बांध्या चालून काढल्या: रोटाव्हेटरच्या तुटलेल्या पात्या, नट, बंडीच्या चाकाच्या जुन्या धावेचे तुकडे, तार. यातली एक पाती हार्वेस्टरमध्ये किंवा बैलाच्या खुरात गेली तर खर्च किती, हे कास्तकाराला सांगायला नको. यासाठी लोखंड गाळणारी सेटिंग बंद ठेवावी लागते.

त्रासाचं म्हणाल तर सगळ्यात मोठा त्रास झटका मशीनचा. रानडुकरांसाठी आता प्रत्येक धुऱ्यावर तार आहे, आणि ती चालू असली की डिटेक्टरमध्ये सेकंदाला एक टिक येते, घड्याळासारखी. संवेदनशीलता कमी करून भागत नाही, मालकाला सांगून झटका बंदच करावा लागतो. अकरा केव्हीच्या लाइनखाली आणि चालू मोटारपंपाजवळही तीच गत. कॉइल पाण्यात चालते पण वरची पेटी नाही, म्हणून पावसात तिला प्लास्टिकची पिशवी. कॉइलचं प्लास्टिक कव्हर वेगळं घ्या, धसकटांनी खालचा रंग लगेच खरवडला जातो. पिनपॉइंटर नावाची, वस्तूची नेमकी जागा दाखवणारी, हातात धरायची छोटी कांडी मिळते, ती मशीनबरोबरच घ्यावी. एका विक्रेत्याने मला फोनवर दहा मीटर खोल सोनं दाखवणारी मशीन सांगितली होती. या वर्गातली कोणतीही मशीन दागिन्याएवढी वस्तू हातभर खोलही दाखवत नाही. असं कोणी म्हणालं की फोन ठेवावा.

आता जे लिहिल्याशिवाय राहवत नाही ते. मशीन गावात आली की पंधरा दिवसांत गुप्तधनवाले दारात येतात. रात्री या, अमावास्येला या, पायाळू (पायाकडून जन्मलेला) माणूस आणतो, निम्मं-निम्मं करू. हे लोक चांगल्या घरातले असतात, कर्जात असतात, आणि त्यांच्यामागे कोणीतरी मांत्रिक पैसे खात असतो. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, आणि त्यात लहान लेकरांचे जीव गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. मी मशीन घेतल्याबरोबर सरपंच आणि पोलीस पाटलांना ती दाखवली, काय शोधतो आणि काय शोधत नाही ते सांगितलं. दिवसाच चालवतो, मालक सोबत असल्याशिवाय कोणाच्या वावरात जात नाही. रात्रीचं बोलावणं आलं की त्या माणसाला घरात बसवतो, त्याच्याच अंगणात पुरलेलं नाणं मशीनला किती खोलीपर्यंत दिसतं ते सकाळी येऊन दाखवतो असं सांगतो. काही येतात, बघतात आणि मांत्रिकाचा नाद सोडतात. सगळेच सोडत नाहीत.

पुढच्या रोवणीआधी पाच-सहा इंची छोटी कॉइल घ्यायची आहे. धानाच्या दोन ओळींमध्ये ती मावते, पऱ्हे (धानाची रोपं) तुटत नाहीत, आणि कानातल्याची फिरकीसुद्धा कदाचित तिला कळेल. कोणी भंडारा-गोंदियाकडे चिखलात ती वापरली असेल तर अनुभव जरूर लिहा.