देशांची तुलना करायला जागतिक बँकेचं डेटा संकेतस्थळ: उत्तम, पण खाचाखोचा माहीत हव्यात

विकसित आणि विकसनशील देशांतला फरक आकड्यांत बघायचा तर जागतिक बँकेच्या डेटा संकेतस्थळाला तोड नाही. 2010 पासून ते मोफत खुलं आहे. नोंदणी करावी लागत नाही आणि श्रेय दिलं की आकडे कुठेही वापरता येतात. 217 देश-प्रदेश आहेत आणि कित्येक मालिका 1960 पासूनच्या आहेत. तैवान मात्र यादीत वेगळा सापडणार नाही.

‘विकसनशील’ हा गटही तिथे शोधू नका. 2016 मध्ये बँकेनं आपल्या विकास निर्देशकांतून ती विभागणी काढून टाकली. आता अल्प, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च असे चार उत्पन्नगट आहेत. निकष एकच, दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न (देशाच्या रहिवाशांना देशात-परदेशातून मिळालेलं एकूण उत्पन्न, माणशी), तेही ‘ॲटलस’ पद्धतीनं डॉलरमध्ये काढलेलं. या पद्धतीत तीन वर्षांचा विनिमयदर धरतात, त्यामुळे चलन एका वर्षात गडगडलं म्हणून देश लगेच खालच्या गटात जात नाही. दरवर्षी 1 जुलैला यादी बदलते. जुलै 2024 च्या यादीत 1,145 डॉलरपर्यंत अल्प आणि 14,005 च्या वर उच्च उत्पन्न होतं. त्या वेळी रशिया, बल्गेरिया आणि पलाऊ उच्च गटात गेले.

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. आलेखात ‘उच्च उत्पन्न’ ही एकत्रित रेषा घेतली, की ती मागच्या सगळ्या वर्षांसाठी आजचेच सदस्य धरते. म्हणजे 1970 च्या आकड्यात दक्षिण कोरियाही ‘श्रीमंत’ म्हणून मोजला जातो. गरिबीतून वर आलेले देश असे आपोआप वरच्या रेषेत जातात आणि खालच्या गटानं काही कमावलंच नाही असं दिसतं. त्या त्या वर्षीचं वर्गीकरण देणारी वेगळी एक्सेल फाइल बँकच देते. ती उतरवून गट स्वतः बांधा.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) उतरवली की झिपमध्ये तीन फाइली येतात. मुख्य फाइलमध्ये पहिल्या चार ओळी स्रोत आणि तारखेच्या, शीर्षकं पाचव्या ओळीत. चार ओळी न वगळता वाचली तर तक्ता विस्कटतो. त्याहून त्रासदायक म्हणजे देशांच्या रांगेत ‘जग’, ‘युरोपीय संघ’, ‘दक्षिण आशिया’ असे समूहही मिसळलेले असतात. तशीच बेरीज केली तर लोकसंख्या कित्येक पट होते. देशांच्या माहितीच्या फाइलमध्ये ज्यांचा प्रदेशाचा रकाना रिकामा, ते समूह. ते आधी गाळा. एपीआयला (प्रोग्रामनं थेट आकडे मागवायची सोय) किल्ली म्हणजे परवाना-संकेत लागत नाही, पण वेगळं सांगितलं नाही तर उत्तर एक्सएमएल या मजकूर-स्वरूपात आणि पानाला 50 नोंदीच येतात. पुष्कळजण पहिल्याच पानावर थांबतात आणि देश गायब आहेत म्हणून तक्रार करतात.

निर्देशक निवडताना घाई नको. एकाच वर्षी दोन देशांचं राहणीमान ताडायचं तर क्रयशक्ती समतेनुसार (म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक काढून) चालू किमतीचा आकडा घ्या, काळानुसार वाढ बघायची तर स्थिर किमतीचा, म्हणजे महागाई वगळलेला. जीडीपीवर एकट्यावर विसंबू नका. 2015 मध्ये आयर्लंडचा जीडीपी सुमारे 25 टक्क्यांनी उसळला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तिथे हलवली. लोकांच्या खिशात त्यातलं फारसं काही आलं नाही, म्हणून तिथल्या सांख्यिकी खात्यानं सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा काढला. तसंच 2014 मध्ये नायजेरियानं जीडीपी मोजायचं पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि रचना आधार धरतात ते) बदललं आणि अर्थव्यवस्था कागदावर जवळजवळ 89 टक्क्यांनी वाढली.

म्हणून उत्पन्नाच्या शेजारी अर्भक मृत्युदर (दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं) ठेवाच. श्रीलंकेचा दर अमेरिकेच्या आसपास आहे. तेलावर श्रीमंत झालेला इक्वेटोरियल गिनी काही वर्षं उच्च गटात होता, तरी तिथला दर कितीतरी जास्त. मात्र जिथे जन्म-मृत्यूची नोंदणी अपुरी, तिथले आकडे सर्वेक्षणांवरून प्रतिमान (गणिती मॉडेल) वापरून काढलेले अंदाज असतात. रेषा संशयास्पद गुळगुळीत दिसली, तर निर्देशकाची टीप उघडून बघा. बेरोजगारीला तर ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज’ अशा दोन स्वतंत्र मालिका आहेत. एका देशाला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावू नका.

उत्पन्नाची विषमता मोजणाऱ्या जिनी गुणांकात पुष्कळ रिकाम्या जागा आहेत. अशा वेळी देशागणिक सर्वांत अलीकडचं वर्ष घ्या आणि ते वर्ष आकड्याशेजारी लिहा.