सोमवारची सकाळ आणि अमेरिकेचे वाभाडे : 'लास्ट वीक टुनाइट' पुण्यात बसून पाहावा काय?

'लास्ट वीक टुनाइट विथ जॉन ऑलिव्हर' हा एचबीओ या अमेरिकी वाहिनीवरचा राजकीय विनोदाचा कार्यक्रम न्यूयॉर्कला रविवारी रात्री ११ वाजता लागतो. पुण्यात तेव्हा सोमवार उजाडून साडेआठ-साडेनऊ झालेले असतात आणि डेक्कनच्या चौकात हॉर्नची जुगलबंदी रंगात आलेली असते. कार्यक्रमाचा मुख्य भाग यूट्यूबवर विनामूल्य पाहता येतो. एखादा भाचा न्यू जर्सीत आणि एखादी पुतणी कॅलिफोर्नियात अशा कुटुंबांची आपल्या शहरात वानवा नाही; त्या मुलांना व्हिडिओ कॉलवर "तुमच्याकडे हे काय चाललंय रे?" असे विचारल्यावर जे मोघम उत्तर मिळते, त्याहून बरे उत्तर हवे असणाऱ्यांनी हा कार्यक्रम अवश्य पाहावा, अशी शिफारस मी आरंभीच करून ठेवतो. ती निःपक्षपाती मात्र नाही. कार्यक्रम उघडपणे उदारमतवादी बाजूचा आहे आणि मीही त्याच बाजूचा आहे. ज्यांना समतोल हवा असेल त्यांच्यासाठी फॉक्स न्यूज ही उजव्या बाजूची वाहिनी आहे; 'फेअर अँड बॅलन्स्ड' हे ब्रीद तिने वर्षानुवर्षे मिरवले. याच वाहिनीने २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांनी घोटाळा केल्याचे खोटे दावे प्रसारित केले आणि त्यावरून झालेला खटला मिटवण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये डोमिनियन या मतदान यंत्रे बनवणाऱ्या कंपनीला ७८.७५ कोटी डॉलर मोजले. समतोलाचा हा दर प्रभात रोडवरच्या जागेच्या दरालाही लाजवणारा आहे.

ऑलिव्हर मूळचा बर्मिंगहॅमचा इंग्रज. 'द डेली शो' या राजकीय विडंबनाच्या कार्यक्रमात २००६ पासून उमेदवारी केल्यावर एप्रिल २०१४ मध्ये त्याने स्वतःचा कार्यक्रम सुरू केला आणि २०१९ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. मांडणी साधी आहे : एक मेज, एक चष्मेवाला गृहस्थ आणि वीस-बावीस मिनिटे चालणारा एकच विषय. विषयही असे की एरवी त्यांच्या नावानेच जांभई यावी : जामिनाची रक्कम, विमा कंपन्यांचे नियम, नगरपालिकांचे दंड, ज्यूरीची निवड. आपल्या वगनाट्यातला सोंगाड्या राजाला तोंडावर चार खडे बोल सुनावतो आणि वर टाळ्या घेतो. इथला सोंगाड्या खडे बोल सुनावण्यापूर्वी सरकारी कागद, न्यायालयाचा निकाल आणि अधिकाऱ्याने स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली मेजावर मांडतो. विनोद त्यानंतर येतो. कागद भक्कम असल्यामुळे तो लागतोही जिव्हारी.

या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य असे की तो नुसता बोलत नाही, मालकाचे पैसेही खर्च करतो. रुग्णालयांची थकलेली बिले अमेरिकेत कवडीमोलाने विकली जातात आणि ती विकत घेणाऱ्या कंपन्या रुग्णांमागे वसुलीचा ससेमिरा लावतात. हा धंदा किती सहज सुरू करता येतो हे दाखवण्यासाठी २०१६ मध्ये कार्यक्रमानेच तशी एक कंपनी काढली, सुमारे ९,००० लोकांचे जवळजवळ दीड कोटी डॉलरचे कर्ज ६०,००० डॉलरच्या आत विकत घेतले आणि ते माफ करून टाकले. त्याआधीच्या वर्षी, दूरचित्रवाणीवरून भक्तांना लुबाडणाऱ्या धर्मोपदेशकांना करमाफी कशी मिळते हे समजावून सांगताना, ऑलिव्हरने रीतसर स्वतःचे चर्च स्थापन केले आणि त्याचे नावच 'अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल एक्झेम्प्शन' (म्हणजे अखंड करमाफीची माता) असे ठेवले. लोकांनी खरोखर पैसे पाठवले. ते पुढे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेला देण्यात आले. बुवाबाजीविरुद्ध बोलण्याची किंमत ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २०१३ मध्ये ज्या शहराने पाहिली, त्या शहरात बसून हा भाग पाहताना हसू घशातच अडकते. थट्टा करून सुखरूप घरी जाता येणे, ही या कार्यक्रमाची श्रेयनामावलीत न दिसणारी मोठी सोय आहे.

डॅनबरीचे प्रकरण मात्र निखळ आनंदाचे. ज्यूरीच्या निवडीवरील भागात २०२० मध्ये ऑलिव्हरने कनेक्टिकट राज्यातल्या या गावाला विनाकारण शिव्या घातल्या. महापौरांनी प्रत्युत्तरादाखल मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पाला त्याचे नाव देण्याची घोषणा केली आणि मग ही केवळ थट्टा असल्याचे सांगून टाकले. ऑलिव्हर त्यावर अडून बसला : नाव द्याच, मी धर्मादाय संस्थांना ५५,००० डॉलर देतो. नगरपरिषदेने ठराव मंजूर केला आणि हा गृहस्थ उद्घाटनाला स्वतः हजर राहिला. उड्डाणपुलाच्या आणि चौकाच्या नावावरून आपल्या महापालिकेत काय काय रंगते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी भैरोबा नाल्याच्या प्रकल्पाला आपले नाव मिळावे म्हणून हट्ट धरणारा माननीय डोळ्यांसमोर आणून पाहावा.

हे धाडस परवडते याचे कारण अर्थशास्त्रात आहे. एचबीओ वर्गणीवर चालते, त्यामुळे जाहिरातदार दुखावण्याचे भय नाही. कोळसा उद्योगपती बॉब मरी यांनी २०१७ मध्ये बदनामीचा खटला भरला, तो पुढच्याच वर्षी फेटाळला गेला. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्यांचे हाल वेगळे. ट्रम्प यांनी भरलेल्या खटल्यात १.६ कोटी डॉलरची तडजोड केल्याबद्दल सीबीएस वाहिनीवरच्या 'द लेट शो'चा सूत्रसंचालक स्टीफन कोलबेअर याने जुलै २०२५ मध्ये आपल्याच मालक कंपनीवर लाचखोरीची टीका केली, आणि काही दिवसांतच त्याचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद होणार असल्याचे सीबीएसने जाहीर केले. कारण निव्वळ आर्थिक आहे, असे कंपनीने सांगितले. यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे.

माध्यमांवरचे भाग पत्रकारांनी सक्तीने पाहावेत अशा योग्यतेचे आहेत. सिंक्लेअर ही कंपनी देशभरातील स्थानिक वाहिन्या विकत घेऊन तिथल्या ओळखीच्या, विश्वासू चेहऱ्यांच्या बातम्यांमध्ये आपला मजकूर कसा सक्तीने घुसवते, हे २०१७ च्या एका भागात दाखवले आहे. त्याआधी २०१६ मध्ये वृत्तपत्रांच्या घसरणीवर झालेल्या भागात ऑलिव्हरने मान्य केले होते की आपल्यासारखे कार्यक्रम मुळात छोट्या वृत्तपत्रांच्या बातमीदारीवरच जगतात. मतदारसंघांच्या मनमानी आखणीवरचा भागही उत्तम आहे, प्रभागरचनेचा नकाशा हातात घेऊन "आमची अर्धी गल्ली पलीकडे कशी गेली?" असे विचारणाऱ्या पुणेकराला तो समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता उणिवा. पहिली शैलीची : प्रत्येक गंभीर वाक्यामागे एक ओढूनताणून आणलेली उपमा येते, आणि दहा भाग पाहिलेल्या प्रेक्षकाला ती येण्याआधीच दिसू लागते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्रेक्षागृहात बसलेले सगळे आधीच पटलेले असतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑलिव्हरने ट्रम्प घराण्याचे जुने आडनाव 'ड्रम्फ' असल्याचे सांगून धमाल उडवली, त्या नावाच्या टोप्या विकल्या. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी म्हणून २०१४ मध्ये त्याने प्रेक्षकांना सरकारी संकेतस्थळावर हरकती नोंदवायला सांगितले तेव्हा ते संकेतस्थळ कोलमडले आणि २०१५ मध्ये नियमही झाले, पण सत्ताबदलानंतर २०१७ मध्ये ते रद्द करण्यात आले. हसणाऱ्यांपेक्षा सहीचे अधिकार असणाऱ्यांचा हात वर राहतो, आणि याबद्दल कार्यक्रमाने स्वतःची झाडाझडती फारशी घेतलेली नाही. तिसरी उणीव आपल्याकडची आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प यांच्या भारतभेटीच्या तोंडावर पंतप्रधान मोदी यांच्यावर भाग झाला. तो येथील ओटीटी मंचावर आला नाही, यूट्यूबवर मात्र राहिला. ट्रम्प यांच्यावर पोट धरून हसणाऱ्या माझ्या काही परिचितांना त्या आठवड्यात अचानक परक्याने बोलू नये हे तत्त्व सुचले.

व्यावहारिक सूचना एवढीच की भाषा शिवराळ आहे, तेव्हा दिवाणखान्यात आजोबा पेपर वाचत असताना हेडफोन लावावेत, आणि वेग जास्त असल्याने इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवावीत. पाचपैकी चार गुण. सुरुवात रुग्णालयाच्या कर्जाच्या भागापासून करावी. ट्रम्प यांच्यावरचे भाग मागे ठेवले तरी चालतील, कारण त्यांतली ताजी धक्कादायक गोष्ट पुढच्या धक्कादायक गोष्टीमुळे आठवड्याभरातच शिळी झालेली असते.