यूसीएलएचं हॉल ऑफ फेम: खेळ शिकवणाऱ्यांनी चुकवू नये

लॉस एंजेलिसला मुलाकडे-मुलीकडे येणारे आपले लोक हॉलिवूड, डिस्नेलँड आणि समुद्र बघून परत जातात. मी शाळेत पीटीची शिक्षिका होते, सगळी नोकरी व्हॉलीबॉलचे संघ तयार करण्यात गेली. त्यामुळे मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं, मला यूसीएलएच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, आवारातलं अ‍ॅथलेटिक हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंत खेळाडूंचं संग्रहालय, बघायचंय. वेस्टवुड भागात पॉली पॅव्हिलियन या इनडोअर स्टेडियमशेजारी जे. डी. मॉर्गन सेंटर आहे, तिथे ते आहे. तिकीट नाही. आम्ही गेलो तेव्हा आत शांतता होती, कुणी घाई करत नव्हतं.

करंडक भरपूर आहेत. अमेरिकेत विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए ही संघटना भरवते. तिची शंभर सांघिक विजेतेपदं मिळवणारं पहिलं विद्यापीठ हेच. शंभरावं २००७ साली महिलांच्या वॉटरपोलो संघाने आणलं. आता स्टॅनफर्ड विद्यापीठ पुढे गेलंय. पण आकड्यांसाठी जाऊ नका. जॉन वुडन यांच्यासाठी जा.

वुडन १९४८ साली इथे बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ साली, म्हणजे सोळाव्या हंगामात. त्यानंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत दहा विजेतेपदं, त्यातली १९६७ ते १९७३ सलग सात. ओळीने ८८ सामने जिंकले आणि जानेवारी १९७४ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाकडून ७१-७० असे एका गुणाने हरले. हे दहा करंडक सगळे मोजतात. मी मात्र आधीच्या पंधरा वर्षांपाशी अडकले. तेव्हा पॉली पॅव्हिलियन नव्हतं. सराव जुन्या जिममध्ये, तोही कुस्तीवाले आणि जिम्नॅस्टिक्सवाले यांच्या शेजारी. सरावाआधी वुडन स्वतः मदतनीस पोरांबरोबर फरशी झाडून-पुसून घ्यायचे. आपल्याकडे दोन वर्षांत संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेला नाही तर खेळाचा तास गणिताला देऊन टाकतात. मी ते सोसलंय, म्हणून ही वर्षं मला करंडकांपेक्षा मोठी वाटतात.

१९६४ च्या त्या संघात सुरुवातीच्या पाचांपैकी कुणीही साडेसहा फुटांचा नव्हता. बास्केटबॉलमध्ये ही उंची कमीच. त्यांनी काय केलं, तर प्रतिस्पर्धी चेंडू आत टाकायला लागला की तिथूनच, संपूर्ण कोर्टभर, त्याला कोंडायला सुरुवात केली. तीसच्या तीस सामने जिंकले. पुढच्या वर्षी पॉली पॅव्हिलियन उघडलं, तेव्हाचा किस्सा तर मुलांना आवर्जून सांगा. पहिल्याच सामन्यात पहिल्या वर्षाच्या पोरांनी विद्यापीठाच्या मुख्य, म्हणजे राष्ट्रविजेत्या संघाला ७५-६० ने हरवलं. त्या पोरांत ल्यू अल्सिंडर होता, पुढे जगप्रसिद्ध झालेला करीम अब्दुल-जब्बार. पण तेव्हाच्या नियमाने पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे, आणि १९६६ चं विजेतेपद दुसरीकडे गेलं.

संग्रहालयात वुडन यांच्या घरातली अभ्यासिका जशीच्या तशी मांडलीये. पुस्तकं, भिंतभर फोटो, बसायची खुर्ची. इथे मी सर्वांत जास्त वेळ थांबले. इतकं जिंकलेला माणूस हंगामाच्या पहिल्या सरावाला काय शिकवायचा? पायमोजे कसे घालायचे ते. टाच आणि करंगळीपाशी चुणी राहता कामा नये. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. अल्सिंडर असो नाहीतर बिल वॉल्टनसारखा दुसरा मोठा खेळाडू, सगळ्यांना हेच. मी मुलींना बुटांच्या नाड्या तपासूनच कोर्टवर सोडायचे, तेव्हा पालक हसायचे. त्या पालकांना इथे आणावंसं वाटलं.

माझ्या खेळाबद्दल बोलायचं तर पुरुषांच्या व्हॉलीबॉलचे प्रशिक्षक अल स्केट्स. १९६३ ते २०१२ एकच माणूस, एकच संघ, १९ राष्ट्रीय विजेतेपदं. एनसीएएची पहिली स्पर्धा १९७० साली झाली, ती यांनीच जिंकली. कार्च किराय हा खेळाडू इथलाच. त्याच्या काळात १९७९, १९८१ आणि १९८२ ची विजेतेपदं आली, आणि पुढे ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं, दोन इनडोअर, एक बीच. मग २०२३ आणि २०२४ ला स्केट्स यांच्याच हाताखाली खेळलेल्या जॉन स्पेरॉने लागोपाठ दोन जिंकून आकडा २१ वर नेला. मला यात सगळ्यांत आवडलं ते हेच, की विद्या त्याच घरात राहिली.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती मोजणीची आहे. अ‍ॅन मायर्स ही बास्केटबॉलपटू १९७४ साली यूसीएलएकडून चारही वर्षांची पूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली मुलगी. १९७८ ला तिच्या संघाने याच पॉली पॅव्हिलियनमध्ये मेरीलँडला ९०-७४ ने हरवून महिला बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पण एनसीएएने महिलांच्या स्पर्धा सुरू केल्या १९८१-८२ मध्ये. त्याआधीचं विजेतेपद दुसऱ्या संघटनेचं, म्हणून ते एनसीएएच्या यादीत धरत नाहीत. तिचा भाऊ डेव्ह हा वुडन यांच्या शेवटच्या, १९७५ च्या संघात होता. भावाचं यादीत, बहिणीचं बाहेर. मुलींना घेऊन गेलात तर अ‍ॅनबद्दल आधी सांगा, मग आत न्या.

अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सनही इथलाच. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि अ‍ॅथलेटिक्स अशा चार खेळांत तो विद्यापीठाकडून खेळला. त्याच्या मानार्थ २०१४ पासून इथे कुठल्याच खेळात त्याच्या बेसबॉलमधल्या ४२ नंबरची जर्सी नवीन खेळाडूला देत नाहीत.

जाताना कामाच्या दिवशी जा, आणि वेळ आधी बघून घ्या. आवारात चढ-उतार बरेच आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. पार्किंगला पैसे पडतात, त्यापेक्षा बसने वेस्टवुडला उतरलेलं बरं. शरद ऋतूत गेलात तर महिलांच्या व्हॉलीबॉलचे सामने शेजारीच चालू असतात. तिकीट काढा आणि सर्व्हिस करणारीच्या पाठीमागच्या बाजूला बसा, तिथून संघाची सगळी हालचाल दिसते.