आईला सणाला न्यायचंय: खुर्ची मोठ्या चाकांची की छोट्या?

घरात गुडघ्यांनी संप पुकारलेलं माणूस असेल, तर दसरा-दिवाळी जवळ आली की हा प्रश्न पडतोच. व्हीलचेअर घ्यायची हे ठरलेलं असतं; मागची चाकं मोठी हवीत की चारही छोटी, तिथं घोडं अडतं. आमच्याकडे दोन्ही वापरून झाल्या.

छोट्या चाकांची हलकी. घडी घालून डिकीत टाकली की निघालो. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दारांतून ती निघते. मोठी हातरिंगांसकट (बसणाऱ्यानं हातानं चाक फिरवायच्या कड्या) पंचवीस-सव्वीस इंच भरते आणि चौकटीत अडते. जिना असला तरी उचलायला छोटीच बरी. रस्त्यावर मात्र तिचे हाल. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला जाताना गटाराच्या जाळीत पुढचं चाक बसलं की आई दचकून हात आवळते. खुर्ची उलटी फिरवून मागची चाकं आधी ओढून घेतली की सुटते, पण हे तरी किती वेळा करणार?

तरी माझं मत फिरलं ते रस्त्यावर नाही, मामाकडच्या फराळाला. कुणीतरी आईला टीव्हीसमोर नेऊन ठेवलं, ब्रेक लावला आणि सगळ्या गप्पा तिच्या पाठीमागे रंगल्या. "अरे, मला जरा तिकडं वळव." कुणीतरी वळवायचं. मग गप्पा स्वयंपाकघराकडे सरकायच्या, की पुन्हा तेच. नंतर नंतर तिनं सांगणंच सोडलं. ब्रेकही मागे, तिचा हात पोचणार नाही असा. मला हेच खटकलं.

मोठ्या चाकांवर ती आपली आपण वळते. चकलीला काटे आलेत की नाही ते बघायला कढईपाशी जाते, चार सूचना देऊन येते. भाऊबीजेला मामाच्या पाटासमोर स्वतः पुढे झाली, मगच ताट हातात घेतलं.

अर्थात आईच्या हातांत अजून जोर आहे. अर्धांगवायूनंतर हात साथ देत नसेल, तर मोठी चाकं म्हणजे नुसतं ओझं. तिथं छोटीच घ्या. शिवाय मोठी रिक्षात चढवायला दोघं लागतात, हे मला मान्य आहे. शक्यतो सर्जिकलच्या दुकानातून नवरात्रापुरती भाड्यानं आणून बघा, आणि ज्या घरी जायचंय तिथल्या दाराचं माप आधी फोनवर मागवा.

रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीपाशी, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदापाशी, मात्र दोन्ही नेऊ नका. ओळखीच्या कुणाची तरी गॅलरी गाठा.